बुजरा की बुजलेला?

पत्र थोडक्यात असं: एका वाचक ताईंनी अकरा दिवसांपूर्वी आपल्या शंभर लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक छोटा क्लाउनफिश आणला. टाकी पाच महिने जुनी आहे आणि आत पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल मासा आधीपासून राहतो. नवा मासा दिवसभर हीटरच्या मागे दडून बसतो. ताई समोर असल्या की खात नाही. एकदा दाराआडून पाहिलं तेव्हा तरंगणारे दोन-चार दाणे त्यानं टिपले. तो बाहेर यावा म्हणून ताईंनी तीनदा दगडांची मांडणी बदलली, मातीचं छोटं मडकं ठेवलं, जाळीनं त्याला हळूच पुढे ढकलूनही पाहिलं. दिवे बारा तास चालू असतात. आधीचा क्लाउनफिश एका रात्री टाकीबाहेर उडी मारून गेला, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. आता नवरा म्हणतो, हा परत करून धीट मासा आणू. मैत्रीण म्हणते, ॲनिमोन आण (फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी, क्लाउनफिश समुद्रात ज्याच्या आसऱ्यानं राहतो तो). दुकानदार म्हणतो, जोडीदार घ्या. ताई विचारतात, "यातलं काय करू? तो दुःखी आहे का?" ताजा कलम: रात्री तो कोपऱ्यात आडवा पडलेला दिसतो, म्हणून दोनदा टॉर्च मारून तो जिवंत आहे ना ते पाहिलं.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. दाराआडून पाहिलं तेव्हा त्यानं दोन-चार दाणे टिपले, असं तुम्ही म्हणता. नव्या माशाबद्दल कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच विचारते: खातो का? कुणी बघत नसताना का होईना, जो मासा खातो त्याच्या हाती वेळ आहे, आणि म्हणून तुमच्याही. तेव्हा परत करायचा, जोडीदार आणायचा की ॲनिमोन, याचा निर्णय या आठवड्यात घ्यायचाच नाही, एवढं आधी ठरवून टाकू या.

आता शब्दाविषयी. तुम्ही त्याला सारखं 'लाजाळू' म्हणता आणि शेवटी 'दुःखी' म्हणता. मला त्यापेक्षा गुराढोरांत वावरलेल्या माणसांचा शब्द जवळचा वाटतो: बुजणं. बैल बुजतो, घोडं बुजतं. बुजरं जनावर म्हणजे ज्याचा स्वभावच जपून राहण्याचा. बुजलेलं जनावर म्हणजे ज्याला कशानं तरी दचकवलंय, आणि ते कारण अजून तिथंच आहे. बुजऱ्याला वेळ द्यावा लागतो. बुजलेल्याच्या समोरून ते कारण हलवावं लागतं, नुसता वेळ देऊन भागत नाही. पंचाईत अशी की लांबून दोघंही सारखेच दिसतात, दोघंही हीटरमागेच बसतात. पत्र वाचून मला वाटतं, तुमचा मासा मुळात बुजरा आहेच, पण गेल्या अकरा दिवसांत तो बुजलाही आहे.

आधी स्वभावाचं बघू. हा मासा इतका भडक केशरी, त्यावर ठसठशीत पांढरे पट्टे, की तो टाकीभर मिरवेल असं आपण धरूनच चालतो. समुद्रात तो तसा जगत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर आठ-बारा दिवस तो खुल्या पाण्यात प्लवकांसोबत वाहत असतो. मग त्याला एखादा ॲनिमोन सापडतो, आणि तिथून पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य तो त्या एका ॲनिमोनच्या आसपास, काही मीटरांच्या घेरात काढतो. पोहण्यात तो तरबेज नाही. ॲनिमोनपासून लांब गेलेला छोटा क्लाउनफिश म्हणजे मोठ्या माशाचा घास. एक जागा धरून ठेवायची आणि ती सोडायची नाही, यावरच त्याच्या कुळाचा जीव तगला आहे. तुमच्या घरी आल्यावर त्यानं टाकीभर नजर फिरवली आणि हीटरमागची बोळ धरली. त्याच्या हिशेबानं त्यानं चांगलंच केलं.

दगडांच्या इतक्या सुंदर कपारी सोडून तो उपकरणांमागेच का बसला, हेही तुम्हाला खटकलं असेल. तो पैदास केंद्रात वाढलेला असेल तर यात नवल नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्लाउनफिशची व्यावसायिक पैदास सुरू केली, आणि आज घरोघरी दिसणारे बरेचसे क्लाउनफिश अशा पैदाशीतूनच येतात. ही पिल्लं बहुधा उघड्याबोडक्या टाक्यांत, शेकडो भावंडांच्या गर्दीत वाढतात. त्यांच्या ओळखीच्या वस्तू म्हणजे काच, नळी, फिल्टर. दगड त्यांनी पाहिलेला नसतो, ॲनिमोन तर नाहीच. अशा पिल्लाला अचानक एकटं करून दगड, जोराचा प्रवाह आणि लख्ख उजेड असलेल्या जागी सोडलं, तर ते ओळखीची वस्तू शोधणारच. कितीतरी क्लाउनफिश आयुष्यभर एखाद्या पंपाला किंवा काचेच्या कोपऱ्यालाच आपलं घर मानून मजेत राहतात. तुमचा मासा पैदाशीतला की समुद्रातून पकडलेला, हे दुकानदाराला विचारून घ्या. समुद्रातला असेल तर रुळायला जास्त दिवस धरा आणि आजारावर जास्त बारीक नजर ठेवा.

आजाराचं इथंच सांगते, कारण धीर धरा असं म्हणण्याआधी ते बोलायलाच हवं. माझा सुरुवातीचा एक क्लाउनफिश दिवसभर पंपाच्या झोतात तोंड करून उभा असायचा. मला वाटलं प्रवाह आवडतोय, खेळतोय. उजेड लावला की तो सावलीकडे सरकायचा, ते मी बुजरेपणात जमा केलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर पिठुळ, सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली, आणि चौथ्या दिवशी तो गेला. तो वेल्व्हेट होता, ॲमायलोओडिनियम नावाच्या परजीवीचा आजार. कल्ल्यांत तो आधी शिरतो, म्हणून मासा ऑक्सिजनसाठी झोतात उभा राहतो. त्याला वेगळं न ठेवता मी थेट मोठ्या टाकीत सोडलं होतं, ती चूक माझीच.

म्हणून उद्या सकाळी, खोलीत दुसरं कुणी हलत-बोलत नसताना, लांब बसून त्याच्याकडे पाच मिनिटं नुसतं बघा. कल्ले किती वेगानं उघडमिट होतात ते मिनिटाला मोजा आणि लिहून ठेवा. रोज त्याच वेळी मोजा. नेमका आकडा किती याला माझ्या लेखी कमी महत्त्व आहे. तो एकाएकी वाढला तर मात्र लक्ष द्यायचं. अंगावर पांढरट, बुळबुळीत थर सुटून निघतोय का ते पाहा. क्लाउनफिशना तसा एक आजार विशेष होतो, ब्रूक्लिनेला, आणि तो फार भरभर पसरतो. मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, ज्याला सगळे मरीन इक म्हणतात. दगडाला अंग घासणं, पर मिटून धरणं, पोट आत जाणं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, यांतलं काहीही दिसलं तर 'रुळेल हळूहळू' हे वाक्य विसरा आणि त्याच दिवशी त्याला वेगळ्या टाकीत हलवा. उपचार तिथंच करायचे, माशांवर उपचार करणाऱ्या जाणकाराला विचारून. तांब्याची औषधं मुख्य टाकीत कधीच टाकू नका. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ त्यानं मरतात. तुमच्या वर्णनात यांतलं एकही लक्षण मला दिसलं नाही. पण मी पत्र वाचतेय, तुम्ही टाकी बघताय.

पाणीही एकदा तपासून घ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, क्षारतेचा (खारेपणाचा) काटा १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान, पीएच ८.१ ते ८.४, तापमान २४ ते २७ अंश. तापमान मोजताना थर्मामीटर हीटरपासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात धरा. हे मुद्दाम सांगते, कारण हीटरमागे बसणारा मासा कधीकधी सरळ उबेला बसलेला असतो. दूरचा कोपरा दोन-तीन अंशांनी थंड निघाला, तर कोडं तिथंच सुटेल: पाणी नीट फिरेल असा पंप वळवायचा. शिवाय हीटरला प्लॅस्टिकची जाळीदार टोपी आहे का? नसेल तर बसवा. चालू हीटरला टेकून झोपलेल्या माशाला भाजतं. शंभर लिटरच्या टाकीत बाष्पीभवनानं क्षारता लवकर चढते, तेव्हा रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्यानंच घालायची, मिठाच्या पाण्यानं नाही.

आता मी तुमच्या पत्रातल्या त्या दुसऱ्या माशाकडे वळते, ज्याच्याबद्दल तुम्ही अर्धंच वाक्य लिहिलंय. 'डॅमसेल आधीपासून आहे, तो शांत असतो.' ताई, तोवर तो टाकीत एकटाच होता. त्याला शांत नसायला कारणच काय होतं? डॅमसेल आणि क्लाउनफिश एकाच कुळातले, चुलतभाऊच म्हणा, आणि जागेवरून भांडणं हा त्या कुळाचा गुण आहे. पिवळ्या शेपटीचा डॅमसेल त्यांच्यातला त्यातल्या त्यात सौम्य, हे खरं. पण शंभर लिटरची सगळी टाकी त्याच्या मते त्याचीच आहे. तुम्ही समोर उभ्या असता तेव्हा तो जेवणाच्या आशेनं काचेकडे येतो आणि शहाण्यासारखा वागतो. तुमची पाठ वळल्यावर काय होतं? फोन स्टँडला लावून दुपारी तासभर चित्रण करून बघा. क्लाउनफिश हीटरमागून वीतभर बाहेर आला की डॅमसेल त्याच्याकडे झेपावतो का, एवढंच पाहायचं. क्लाउनफिशच्या शेपटीची कड फाटलेली आहे का तेही बघा.

झेप दिसली, तर उत्तर बदललं. मग मासा बुजलेला आहे आणि कारण डोळ्यांसमोर पोहतंय. अशा वेळी लोक नव्या माशाला जाळीच्या डब्यात ठेवतात, संरक्षण म्हणून. मी उलट करते: दांडगाई करणाऱ्याला डब्यात ठेवायचं. भोकं पाडलेला पारदर्शक डबा टाकीतच अडकवायचा आणि डॅमसेलला पाच-सात दिवस त्यात राहू द्यायचं. तेवढ्यात नवा मासा टाकी ओळखून घेतो, आणि डॅमसेल बाहेर येतो तेव्हा त्याची मक्तेदारी थोडी सैल झालेली असते. त्याला सोडण्याआधी दोन-तीन दगड हलवायचे, म्हणजे त्यालाही हद्द पुन्हा आखावी लागते. दगड हलवण्याची ही एवढी एकच वेळ. तरीही तो मागे लागत राहिला, तर त्याला दुसरं घर शोधा. टाकीत राहायचा हक्क आधी आलेल्याचाच, असं काही नसतं.

आणि झेप दिसलीच नाही, तर ताई, दचकवणारं कारण बहुधा आपले हात आहेत.

हे लिहिताना मला तुमची धडपड दिसते आहे. दगडांची मांडणी बदलली ती त्याच्यासाठी, मडकं ठेवलं ते त्याच्यासाठी. पण त्याच्या बाजूनं हे अकरा दिवस बघा. आल्यावर त्यानं एक कपार पाहून ठेवली, दुसऱ्या दिवशी ती कपारच नव्हती. वरून काहीतरी प्रचंड येतं, सगळं ढवळतं आणि जातं. पाण्यात वरून येणारी सावली म्हणजे पकडणारं कुणीतरी, एवढंच माशाला माहीत. मग जाळी आली. जाळीशी त्याची ओळख एकच आहे: जिथं होतो तिथून उचललं गेल्याची. हे सगळं घडत असताना टाकीतली एकच जागा बदलली नाही, हीटरमागची. तो तिथंच थांबला, आणि तो थांबला म्हणून तुम्ही आणखी एकदा हात घातला. ही साखळी आपल्या बाजूनं तुटेल, त्याच्या बाजूनं तुटणार नाही.

तेव्हा पुढचे दहा दिवस टाकीत हात नाही. काच पुसणं नाही, दगड नाहीत, मडकं आहे तिथंच राहू दे. पाणी बदलायचं असेल तर थोडंसं, सावकाश. दिवे सहा तासांवर आणा आणि जमलं तर नुसता निळा, मंद उजेड ठेवा. दिवा एकदम लागू नये, आधी खोलीत उजेड होऊ द्यावा, मग टाकीत. टाकीच्या मागच्या आणि एका बाजूच्या काचेला बाहेरून गडद कागद चिकटवा. चारही बाजूंनी हालचाल दिसत राहिली की कुठं पाठ करून बसावं तेच माशाला कळत नाही. टाकी दाराशेजारी असेल तर दार आपटणार नाही असं बघा. पाण्यातून हादरा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जोरात पोचतो.

आणि समोर बसा. हे माझं आवडतं काम आहे, म्हणून थोडं रेंगाळते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीवर, टाकीपासून चार-पाच पावलांवर, पुस्तक वाचत किंवा भाजी निवडत बसायचं. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. माशांना आपला आकार आणि आपली सवय ओळखू येते. जेवण घेऊन येणारा आकार कोणता, हे त्यांना लवकर समजतं. दोन-तीन दिवसांनी खुर्ची एक पाऊल पुढे घ्यायची. माझ्या एका क्लाउनफिशनं सतरा दिवस फिल्टरच्या नळीमागे काढले. अठराव्या दिवशी मी वाचत होते आणि डोळ्यांच्या कडेनं केशरी काहीतरी हललं. मी मान वर केली नाही. तो नळीपासून वीतभर आला, थांबला, परत गेला. पाच मिनिटांनी पुन्हा आला. ती वीतभर जागा मिळवायला त्याला सतरा दिवस लागले होते, आणि त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो.

खाणं देण्याची पद्धतही बदलू. दाणे वरून भुरभुरले की ते प्रवाहाबरोबर डॅमसेलकडे जातात. त्याऐवजी गोठवलेलं मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य) टाकीच्याच पाण्यात वितळवून घ्या, लांब नळीच्या पिपेटमध्ये ओढा, पंप दहा मिनिटं बंद करा आणि हीटरपासून थोडं अलीकडे, अगदी हळू सोडा. थेट तोंडासमोर नाही, तो त्यालाही हल्ला समजेल. दोन-चार तुकडे त्याच्यापर्यंत वाहत गेले की पुरे. डॅमसेलला त्याच वेळी दुसऱ्या टोकाला दुसऱ्या हातानं खाऊ घाला, म्हणजे तो तिकडं गुंतून राहील. दिवसातून दोनदा, थोडं थोडं, रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात. मग उठून जा. उरलेलं पंधरा मिनिटांनी नळीनं ओढून घ्या, नाहीतर अमोनिया वाढेल. पंप पुन्हा सुरू करायला विसरू नका, ही चूक बऱ्याच जणांकडून होते. मायसिस तो आत्मविश्वासानं खायला लागला की मग दाण्यांकडे वळवता येईल. घाई नाही.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले.

परत करणं मला सगळ्यात कमी पटतं. त्याच्यासाठी ते म्हणजे पुन्हा जाळी, पुन्हा पिशवी, पुन्हा परकं पाणी. आणि नवा 'धीट' मासा दुकानातल्या टाकीत धीट असतो, कारण तिथं तो भावंडांत असतो. तुमच्याकडे आल्यावर तोही एखादी बोळ शोधेल, आणि तुम्ही पुन्हा अकराव्या दिवशी मला पत्र लिहाल. धीटपणा माशाबरोबर पिशवीत बांधून मिळत नाही. नवऱ्याची बाजूही समजते. समोर रिकामी टाकी दिसत असली की माणसाला वाटतं, कशाला एवढा खर्च आणि जागरणं. त्यांना तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा.

ॲनिमोन आणण्यामागची कल्पना गोड आहे: त्याचं खरं घर त्याला देऊ. पण पाच महिन्यांची टाकी ॲनिमोनसाठी फार नवी आहे. त्याला स्थिर पाणी, भरपूर तीव्र उजेड आणि मुरलेली टाकी लागते. वर्षभर झालेली असेल तर बरं. आणि आत्ताच आपण उजेड कमी केलाय. टाकीतला ॲनिमोन जागा आवडली नाही तर सरकत हिंडतो, उघड्या पंपात सापडला तर चिरडला जातो आणि सगळं पाणी नासवतो. शिवाय पैदाशीतला मासा त्याच्याकडे महिनोन्महिने ढुंकूनही बघत नाही, असं पुष्कळदा घडतं. तुमच्याकडे ऑसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश असेल, जो घरांत सगळ्यात जास्त पाळला जातो, तर आणखी एक गोष्ट: दुकानात सहज मिळणाऱ्या बबल टिप ॲनिमोनमध्ये ही जात समुद्रात राहतच नाही. टाकीत राहते, पण मर्जी झाली तर. क्लाउनफिशला टाकीत ॲनिमोनवाचून काही अडत नाही. ॲनिमोनला क्लाउनफिशशिवाय आणि त्याच्या स्वतःच्या गरजांसाठी पाळायची तयारी असेल, त्या दिवशी आणा.

जोडीदाराचा सल्ला तिघांत सगळ्यात विचार करण्याजोगा आहे, पण आत्ताचा नाही. क्लाउनफिशची जोडी आपल्या कल्पनेतल्या जोडप्यासारखी नसते. हे सगळे आधी नर म्हणून वाढतात, आणि गटातला सगळ्यात मोठा, सगळ्यात वरचढ मासा मादी होतो. खालचे मासे आपला क्रम सांभाळून राहतात. संशोधक पीटर बस्टन यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की खालच्या क्रमाचे क्लाउनफिश स्वतःची वाढसुद्धा आवरती ठेवतात, म्हणजे वरच्याला आव्हान वाटू नये. आता विचार करा, बुजलेल्या माशाच्या शेजारी त्याच्याहून मोठा, ताजातवाना मासा सोडला तर पहिल्या दिवसापासून वरच्या पायरीवर कोण बसेल? हीटरमागून हुसकावला कोण जाईल? शिवाय नवा मासा नवा आजारही घेऊन येऊ शकतो. म्हणून आधी हा रुळू दे, अंग धरू दे. दोन-तीन महिन्यांनी जोडी करावीशी वाटली तर याच्यापेक्षा स्पष्ट लहान पिल्लू घ्या, चार आठवडे वेगळं ठेवा, मग सोडा. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवताना दिसेल. घाबरू नका, 'तूच मोठा' असं तो सांगतोय. शांत खोलीत कान दिलात तर मोठ्याचं टक्-टक् ऐकूही येईल. क्लाउनफिश जबडा जोरात मिटून दातांवर दात आपटतात आणि तो आवाज काढतात. शंभर लिटरमध्ये दोनच पुरेत, तिसरा बहुतेक वेळा मार खातो.

तुमच्यासारखं पत्र लिहायची वेळ ज्यांच्यावर अजून आलेली नाही, मासा उद्या आणणार आहेत, त्यांच्यासाठी पहिल्या दिवसाचं थोडं. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. प्रवास तासाभराचा असेल तर मग टाकीचं पाणी थेंबथेंब पिशवीत सोडत अर्धा-पाऊण तास घेता येतो. पण मासा रात्रभराचा प्रवास करून आला असेल तर ही सावकाशी घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी वेगळ्या टाकीची क्षारता आधीच पिशवीतल्या पाण्याइतकी करून ठेवायची, तापमान जुळलं की पिशवी उघडून माशाला लगेच तिथं सोडायचं आणि पुढच्या दिवसांत क्षारता हळूहळू वाढवायची. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिला दिवस दिवे बंद, खाण्याचा आग्रह नाही, फोटो नाहीत, पाहुणे नाहीत.

किती वाट पाहायची, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. तो खातोय, श्वास संथ आहे, अंग भरलेलं आहे, तोवर कितीही. काही मासे तीन दिवसांत बाहेर येतात, काही सहा आठवडे घेतात. खाणं सलग चार-पाच दिवस अजिबात दिसलं नाही किंवा डोक्यामागचा भाग खपाटीला गेला, तर वाट बघणं थांबवून त्याला वेगळ्या, छोट्या टाकीत घ्या. पीव्हीसी पाइपचा एक तुकडा लपायला, मंद उजेड, डॅमसेल नाही. तिथं तो खातो का ते पाहिलं की कारण टाकीत आहे की माशात, ते बरंचसं कळतं.

तो दुःखी आहे का? माशाच्या मनात मला शिरता येत नाही, पण तो सावध आहे हे नक्की, आणि सावध असणं हे त्याच्यासाठी जगण्याचं लक्षण आहे. तुमच्या प्रश्नातलं दुःख मला थोडं आधीच्या माशाचंही वाटलं. त्याच्याबद्दल एवढंच सांगते: क्लाउनफिश उडी मारतात, रात्री तर जास्तच, आणि दचकलेले मासे सगळ्यात आधी उडी मारतात. उघड्या टाकीवर हे कुणाच्याही घरी घडतं. हा मासा जाळीनं ढकलला जात असताना तोच धोका त्याच्याही डोक्यावर होता, म्हणून ती जाळी बाजूला ठेवायला मी इतकं आग्रहानं सांगतेय. टाकीवर बारीक छिद्रांची जाळी ताणून चौकट बसवा, वायरी जातात ती फटही बुजवा. आजच. बाकी सगळं उद्यापासून केलं तरी चालेल.

आणि तुमचा ताजा कलम. रात्री कोपऱ्यात आडवा पडलेला मासा झोपलेला आहे. क्लाउनफिश असेच झोपतात: कुशीवर, कधी डोकं वर करून, कधी पाण्याच्या पृष्ठभागाशी टेकून, एखाद्या वाळक्या पानासारखे हलके डोलत. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतोच, माझाही चुकला होता. जवळ न जाता कल्ल्यांकडे बघा, ते हलत असतील. पण अंधारात तोंडावर टॉर्च पडला की तो झोपेतून सैरभैर सुटतो, काचेवर आपटतो, आणि झाकण नसेल तर बाहेर. फारच राहवलं नाही तर खोलीतला लांबचा मिणमिणता दिवा लावा आणि दारातूनच बघा. टॉर्च खणात ठेवून द्या.